लॅपटॉपची स्क्रीन निवडताना या चुका टाळा

दुकानात शिरल्या शिरल्या पहिला प्रश्न असतो, "किती इंची?" गणित तिथेच चुकतं. इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप. उंची त्यातून कळत नाही. १४ इंची १६:९ (रुंदी १६ भाग, तर उंची ९ भाग) स्क्रीन साधारण १७.४ सेंमी उंच असते, तर १४ इंचीच १६:१० स्क्रीन १८.८ सेंमी. आकड्याने सगळ्यांत लहान असलेली १३.५ इंची ३:२ स्क्रीन १९ सेंमी भरते, म्हणजे १५.६ इंची १६:९ स्क्रीनच्या १९.४ सेंमीला जवळपास टेकते. वाचन, लेखन, हिशेब ही सगळी वरून खाली जाणारी कामं, त्यामुळे इथे उंचीच कामाला येते.

रुंदी-उंचीचं हे प्रमाण ओळखायला डब्यावरच्या जाहिरातीवर जाऊ नका. रिझोल्यूशन म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या ठिपक्यांची (पिक्सेलची) संख्या, जसं १९२०×१०८०; त्यातल्या मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागा. १.७८ आलं तर १६:९, १.६ आलं तर १६:१०, १.५ आलं तर ३:२. जुन्या चौकोनी ४:३ स्क्रीनसाठी सेकंड-हँड बाजार पालथा घालू नका. बॅटरी आणि प्रोसेसर दोन्ही थकलेले मिळतील.

सगळ्यांत महागात पडते ती स्केलिंगकडे, म्हणजे अक्षरं-बटणं किती टक्के मोठी दाखवायची त्या सेटिंगकडे, दुर्लक्ष करण्याची चूक. १४ इंची १९२०×१०८० स्क्रीनवर अक्षरं वाचता यावीत म्हणून विंडोज बहुतेक वेळा १२५ किंवा १५० टक्के स्केलिंग लावतं. १५० टक्क्यांवर हातात उरते १२८०×७२० एवढीच जागा. हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर उघडलं की त्याची खिडकी त्यात मावत नाही आणि खालचं 'ओके' बटण टास्कबारच्याही खाली जातं. नोंद भरलेली असते, पण सेव्ह होत नाही. मग सॉफ्टवेअर बिघडलं म्हणून तक्रार होते, ते काढून पुन्हा टाकलं जातं, आणि बटण तिथेच अडकलेलं. अशा वेळी ऑल्ट आणि स्पेसबार एकत्र दाबा, मग एम, मग वरचा बाण दाबत राहा. खिडकी वर सरकते. स्केलिंग थेट १०० टक्क्यांवर आणणं हा घाईचा उपाय, तो डोळ्यांना शिक्षा देतो. १२५ वर ठेवा, टास्कबार आपोआप लपेल असं करा, एक्सेलची रिबन (वरची बटणांची पट्टी) कंट्रोल-एफ१ ने मिटवा.

१९२०×१०८० ऐवजी १९२०×१२०० (म्हणजे १६:१०) घेतली तर उंचीत १२० पिक्सेल जास्त मिळतात, म्हणजे १०० टक्क्यांवर एक्सेलच्या साधारण सहा ओळी.

"सिनेमाला काळे पट्टे येतात" म्हणून १६:१० नाकारणं पटत नाही. फुल एचडी व्हिडिओला वर-खाली ६०-६० पिक्सेलचे पट्टे येतात, एवढंच. दिवसभर फक्त व्हिडिओ बघायचे असतील किंवा एडिटिंगची लांब टाइमलाइन लागत असेल, तर १६:९ खुशाल घ्या.

१५.६ इंचीत नंबरपॅड असेल तर टचपॅड बहुतेकदा डावीकडे सरकलेला असतो. टाइप करून बघा.

दुकानातला डेमो व्हिडिओ फुल स्क्रीनवर चालू असतो, त्यावर भाळू नका. स्वतःची एक्सेल शीट आणि एक पीडीएफ पेनड्राइव्हवर न्या, स्केलिंग १२५ वर ठेवा आणि किती ओळी दिसतात ते मोजा.