जुनं व्हील बॅलन्सर घेताना चाक सोबत न्या

घरच्या गॅरेजसाठी जुनं व्हील बॅलन्सर (चाक फिरवून त्याला कुठे किती वजन लावायचं ते सांगणारं मशीन) बघायला जाताना स्वतःचं एक चाक आणि ५० ग्रॅमचं वजन सोबत न्यावं. स्क्रीन लागते, चाक फिरतं, एवढ्यावर पैसे मोजू नका.

रिम घासूनपुसून चाक चढवा आणि दोन्ही बाजूंना शून्य येईपर्यंत बॅलन्स करा. मग नट सैल करून, शाफ्ट न हलवता चाक अर्धा फेरा फिरवा, पुन्हा आवळून चालवा. ५ ग्रॅमपर्यंत फरक चालेल. १५-२० ग्रॅम आले तर आधी कोन (चाक शाफ्टवर मधोमध बसवणारा शंकू) आणि रिमचं मधलं भोक तपासा. ते ठीक असतील तर शाफ्ट वाकलाय किंवा त्याची बसायची जागा झिजलीय. असं मशीन सोडून द्या, स्वस्त असलं तरी.

आता बाहेरच्या कडेला ५० ग्रॅम लावा. मशीनने बाहेरच्याच बाजूला, लावलेल्या वजनाच्या बरोबर विरुद्ध टोकाला ५० मागायला हवेत आणि आत जवळपास शून्य. आतही मोठा आकडा आला तर कॅलिब्रेशन (मशीनच्या मापाची जुळणी) किंवा सेन्सर बिघडलाय. कॅलिब्रेशन विक्रेत्यासमोरच करून पाहा.

दोन मशीन सारखीच निघाली तर सगळे कोन आणि क्विक नट (चाक झटपट आवळायचा नट) सोबत असलेलं घ्या. शाफ्टचा व्यास ३६, ३८ की ४० मिमी, हे मोजा. कोन त्याच मापाचे लागतात. मोटर सिंगल फेज, म्हणजे घरच्या साध्या विजेवर चालणारी आहे ना, तेही पाहा. हवेचा बुडबुडा पाहून चालणारं साधं बॅलन्सर फक्त स्थिर असमतोल, म्हणजे चाकाची एक बाजू जड असणं, दाखवतं. रुंद टायरची डगमग त्याला कळत नाही.