चर्चिलच्या रॉकेट तळाचा अभ्यास करायचा असेल तर

कॅनडातल्या विनिपेगला शिकायला आले, तेव्हा प्रकल्पासाठी मी चर्चिलचा रॉकेट तळ निवडला. हडसन उपसागराच्या काठावरचं हे गाव. पहिले दोन महिने रॉकेटांच्या याद्या करण्यात गेले: नायकी-कॅजुन, एरोबी, ब्लॅक ब्रँट. पण लष्कराने एवढ्या गारठ्यात हा खटाटोप का मांडला, ते काही उलगडेना.

उत्तर रेडिओत होतं. ऑरोरा, म्हणजे ध्रुवाजवळच्या आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश, जोरात असला की आयनांबर (रेडिओ लहरी परतवणारा, वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) ढवळून निघतं आणि लांब पल्ल्याचं रेडिओ संदेशवहन कोलमडतं. शीतयुद्धात उत्तरेकडे लक्ष लावून बसलेल्या सैन्याला हे परवडणारं नव्हतं. म्हणून 1954 मध्ये कॅनडाच्या लष्कराने इथे काम सुरू केलं. ऑरोरा असतो साधारण 100 किलोमीटर उंचीवर. तिथवर बलून पोचत नाही, उपग्रह इतक्या खाली टिकत नाही. मोजमाप करायला रॉकेटच हवं, तेही ऑरोराच्या पट्ट्याखालून सोडलेलं. (आपल्या केरळमधल्या थुंबा रॉकेट केंद्राची निवड ते चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे म्हणून झाली, हिशेब तोच: जे मोजायचं त्याच्या खालूनच रॉकेट सोडायचं.) शिवाय इथे रेल्वे होती, जुना लष्करी तळ होता आणि रॉकेट पडायला समोर मोकळा उपसागर.

तेव्हा आधी तळ कुणाच्या ताब्यात कधी होता, ते लिहून काढा. 1957-58 मध्ये आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाची (अनेक देशांनी मिळून पृथ्वीचा अभ्यास करायच्या मोहिमेची) रॉकेटं सुटली, 1959 मध्ये अमेरिकी लष्कर आलं, पुढे त्यांचं हवाई दल, 1970 मध्ये कॅनडाची राष्ट्रीय संशोधन परिषद. मालक बदलला की कागदपत्रांचा पत्ताही बदलतो.

आणि एकदा तरी तिथे जाऊन या. विनिपेगहून रेल्वेने दोन दिवस लागतात. तळ गावापासून वीसेक किलोमीटर पूर्वेला आहे. पांढऱ्या अस्वलांमुळे एकटं हिंडू नये. पातळ हातमोज्यांनी मी एका दाराची लोखंडी कडी धरली आणि बोटं बधिर झाली. इथे रॉकेटं बंदिस्त, गरम इमारतींत का तयार करत, ते तेव्हा नीट कळलं. अति थंडीत घन इंधन ठिसूळ होतं. त्याला तडा गेला तर ते जास्त पृष्ठभागावर एकदम पेटतं आणि रॉकेट फुटू शकतं.

मी वाचलेल्या तांत्रिक अहवालांत इथले मूलनिवासी सायिसी डेने लोक कुठेच नव्हते. 1956 मध्ये सरकारने त्यांना त्यांच्या शिकारीच्या मुलखातून उचलून चर्चिलला आणलं. वर रॉकेटं जात होती, तेव्हा खाली ही माणसं उपासमारीत, हालात दिवस काढत होती. त्यांच्या आठवणी पहिल्याच महिन्यात वाचा, मी फार उशिरा वाचल्या. सरकारने त्यांची माफी मागितली ती 2016 मध्ये.