सँटोरिनीची असिर्तिको: या चुका टाळा

ग्रीसच्या सँटोरिनी बेटावरच्या असिर्तिको या पांढऱ्या वाइनबद्दल तक्रार ठरलेली: ‘एवढे पैसे मोजले आणि नुसती आंबट!’ दोष बहुधा फ्रीजचा असतो. ४-५ अंशांवर असिर्तिकोचा सुगंध दबतो आणि आंबटपणा तेवढा जिभेवर उरतो. ती १०-१२ अंशांवर प्यावी. फ्रीजमधून काढून वीसेक मिनिटं थांबा; मुंबईच्या मे महिन्यात दहाच पुरतात.

बाटली उघडताच ओढलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा वास आला, तर लगेच परत करायला निघू नका. हा गंधकाचा वास हवेने जातो. वाइन रुंद तोंडाच्या जगमध्ये ओतून अर्धा तास ठेवा. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास मात्र कितीही थांबलात तरी जात नाही. ते बूच बिघडल्याचं लक्षण, तेव्हा बाटली खुशाल परत करा. तळाशी दिसणारे चकचकीत खडे काचेचे नसतात. टार्टारिक आम्लाचे क्षार थंडीने खाली बसतात, इतकंच.

लेबलवर नुसतं ‘असिर्तिको’ वाचून बाटली उचलू नका. ते द्राक्षाचं नाव आहे आणि हे द्राक्ष ग्रीसच्या मुख्य भूमीवर, अगदी ऑस्ट्रेलियातही पिकतं. बेटाची खारट चव हवी तर ‘सँटोरिनी’ हे नाव शोधा. ‘निक्तेरी’ लिहिलेली वाइन पिंपात मुरलेली आणि जड असते, मद्यार्क किमान १३.५ टक्के. ‘विनसान्तो’ तर गोडच: द्राक्षं १२-१४ दिवस उन्हात वाळवून केलेली, त्यात किमान ५१ टक्के असिर्तिको. ती जेवणासोबत मागवली की फसगत ठरलेली.

सगळ्यात महागात पडणारी चूक बागायतदाराची: सँटोरिनीची लागवड जशीच्या तशी उचलणं. तिथे वेली जमिनीलगत टोपलीसारख्या गुंफतात, त्याला ‘कुलुरा’ म्हणतात. घड आत राहतात आणि जोराच्या वाऱ्यापासून, उडत्या वाळूपासून वाचतात. उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतो म्हणून हे जमतं. नाशिकच्या पावसात अशी वेल लावली, तर हवा खेळणार नाही आणि केवडा हा बुरशीचा रोग हटणार नाही. इथे वेली मांडवावर किंवा इंग्रजी ‘वाय’च्या आकाराच्या आधारावर चढवणंच बरं. खुंटाशिवाय, म्हणजे दुसऱ्या वेलीच्या मुळांवर कलम न करता, लागवडीचंही तसंच. ज्वालामुखीच्या राखेच्या त्या जमिनीत चिकणमाती जवळपास नाही, त्यामुळे मुळं खाणारा फिलॉक्सेरा हा किडा तिथे टिकत नाही आणि वेली स्वतःच्याच मुळांवर उभ्या राहतात. आपल्या बागांमधला डॉगरिज खुंट मुख्यतः क्षार आणि पाण्याचा ताण सोसण्यासाठी असतो. सँटोरिनीत कलम नाही म्हणून इथला खुंट सोडायचं कारण नाही.