पंचगंगेच्या पातळीच्या दोन फाइली: जावामध्ये मजकूर वाचणे, लिहिणे आणि ताडून पाहणे

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळी पहिला प्रश्न विचारला जातो तो राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे हा. ३९ फूट ही पंचगंगेची इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ या दोन वर्षांच्या महापुरांनंतर मी आणि आमच्या शेजारचे एक निवृत्त गुरुजी, असे दोघेजण प्रशासनाने जाहीर केलेली पातळी आपापल्या संगणकावर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून ठेवू लागलो. दोघांनी स्वतंत्रपणे नोंद करायची आणि नंतर दोन्ही फाइली ताडून पाहायच्या, म्हणजे एकाच्या हातून झालेली चूक दुसऱ्याच्या नोंदीवरून सापडते. जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा नव्याने शिकणाऱ्यांना फाइलींचे काम समजावून सांगताना मी हेच उदाहरण घेतो, कारण डोळ्यांना सारखा दिसणारा मजकूर संगणकाला सारखा वाटेलच असे नाही, ही गोष्ट त्यातून जितकी स्पष्ट होते तितकी पुस्तकी उदाहरणातून होत नाही.

आमच्या फाइलीतली एक ओळ अशी असते:

राजाराम बंधाऱ्यावर,१२ जुलै,सकाळी ८,३८,११

ठिकाण, दिनांक, वेळ, फूट आणि इंच असे पाच रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आहेत. आकडे केवळ नमुन्याचे आहेत. या लेखात जावातील क्लास (संबंधित कामांचा गट) आणि मेथड (त्यातले एकेक काम) यांची नावे वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. प्रोग्रॅममध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहावी लागतात: क्लासचे पहिले अक्षर मोठे, मेथडचे पहिले अक्षर लहान, आणि नावात दुसरा शब्द आला की त्याचे पहिले अक्षर मोठे. एडिटरमध्ये ‘फाइल्स’ हा क्लास लिहून पुढे टिंब दिले की त्यातील सर्व मेथडची यादी उघडते. अचूक स्पेलिंग तिथूनच उचलावे.

सुरुवात करण्यापूर्वी आपल्याकडे जावाची कोणती आवृत्ती आहे ते पाहून घ्यावे. फाइलींसाठीचे जुने क्लास १९९६ पासून, म्हणजे जावाच्या पहिल्या आवृत्तीपासून आहेत आणि जुन्या पुस्तकांत तेच शिकवलेले असतात. २०११ च्या जावा ७ मध्ये ‘पाथ’ आणि ‘फाइल्स’ आले, २०१८ च्या जावा ११ मध्ये संपूर्ण फाइल एका ओळीत वाचण्याची आणि लिहिण्याची सोय झाली, तर दोन फाइली बाइटनिहाय, म्हणजे साठवणीच्या एकेका एककाने, ताडून पाहणारी मेथड २०१९ च्या जावा १२ मध्ये आली. नवशिक्याने जावा २१ किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्यावी आणि थेट ‘पाथ’ व ‘फाइल्स’ यांच्यापासूनच सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जुने क्लास पुढे कोणाचा तरी जुना प्रोग्रॅम दुरुस्त करताना समजून घेता येतात.

वाचण्यासाठी आधी ‘पाथ’च्या ‘ऑफ’ मेथडला फाइलचे नाव देऊन पत्ता तयार करावा. तो पत्ता ‘फाइल्स’च्या ‘रीडस्ट्रिंग’ मेथडला दिला तर संपूर्ण मजकूर एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकुराच्या एका सलग तुकड्यात, मिळतो आणि ‘रीडऑललाइन्स’ला दिला तर ओळींची यादी मिळते. आमच्यासारख्या नोंदींसाठी दुसरी मेथड सोयीची पडते. मात्र या दोन्ही मेथड सगळी फाइल एकदम मेमरीत आणतात. फाइल फार मोठी असेल तर ‘न्यूबफर्डरीडर’ने ती उघडून ‘रीडलाइन’ने एकेक ओळ घ्यावी, आणि ‘नल’ (काहीच नाही) मिळाले की फाइल संपली असे समजावे. अशा वेळी फाइल ‘ट्राय’च्या कंसात उघडावी, म्हणजे काम संपल्यावर, किंवा मध्येच बिघाड झाला तरीही, ती आपोआप बंद होते.

पहिल्याच प्रयत्नात बहुतेकांना ‘नोसचफाइलएक्सेप्शन’ हे एक्सेप्शन, म्हणजे अशी फाइलच नाही असे सांगणारी बिघाडाची सूचना, भेटते. फाइल तर समोर दिसत असते, मग ती नाही असे जावा का म्हणते? याची दोन कारणे मी वारंवार पाहिली आहेत. एक म्हणजे नुसते नाव दिले की जावा ती फाइल प्रोग्रॅम जिथून चालवला त्या फोल्डरमध्ये शोधते, प्रोग्रॅमचा मजकूर जिथे ठेवला आहे तिथे नव्हे. पत्त्यावर ‘टूॲब्सोल्यूटपाथ’ चालवून तो छापला की जावा नेमकी कुठे शोधते आहे ते कळते. दुसरे म्हणजे विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग लपवते, त्यामुळे नाव देताना तो भाग आपण पुन्हा लिहिला तर तो दोनदा लागलेला असतो आणि दिसत मात्र एकदाच. एक्सेप्शन पकडून ‘कॅच’चा भाग रिकामा सोडण्याची सवय मात्र कधीही लावून घेऊ नये, कारण मग फाइल मिळाली नाही हेही आपल्याला कळत नाही.

देवनागरी मजकुराच्या बाबतीत एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटांत उतरवण्याची पद्धत, समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचे प्रत्येक युनिकोड चिन्ह ३ बाइट घेते. ‘कोल्हापूर’ या शब्दात क, ओकाराची मात्रा, ल, हलंत, ह, काना, प, दीर्घ ऊकार आणि र अशी ९ चिन्हे आहेत. म्हणून स्ट्रिंगची लांबी विचारली तर ९ हे उत्तर येते, पण फाइलीत तोच शब्द २७ बाइट व्यापतो. ‘फाइल्स’मधील वर सांगितलेल्या मेथड यूटीएफ-८ हेच गृहीत धरतात आणि त्यात न बसणारे बाइट आढळले तर एक्सेप्शन देऊन थांबतात. जुना ‘फाइलरीडर’ मात्र २०२२ च्या जावा १८ पूर्वी संगणकाचे स्वतःचे एन्कोडिंग वापरत असे, आणि न जुळणाऱ्या बाइटांच्या जागी काहीही न बोलता बदली चिन्ह टाकून पुढे जात असे. नोंदींच्या कामात थांबणारा प्रोग्रॅम हा गप्प राहून मजकूर बिघडवणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा केव्हाही बरा. तरीही ‘स्टँडर्डचारसेट्स’मधील यूटीएफ-८ प्रत्येक ठिकाणी स्वतः लिहून द्यावे, म्हणजे प्रोग्रॅम वाचणाऱ्यालाही शंका राहत नाही.

लिहिण्यासाठी ‘राइटस्ट्रिंग’ आहे, आणि इथे एक धोका आहे. वेगळे काही सांगितले नाही तर ही मेथड फाइल नसल्यास तयार करते आणि असल्यास आधीचा मजकूर पूर्णपणे पुसून नवा लिहिते. पहिल्या वर्षी नवी नोंद जोडताना मी भर घालण्याचा पर्याय द्यायचा विसरलो आणि जुलैच्या एका पूर्ण आठवड्याची नोंद गेली. ती गुरुजींच्या फाइलीवरून पुन्हा उतरवावी लागली. जुन्या मजकुराखाली भर घालायची असेल तर ‘क्रिएट’ आणि ‘अपेंड’ हे दोन्ही पर्याय द्यावेत, कारण नुसते ‘अपेंड’ दिले तर फाइल अस्तित्वात नसताना एक्सेप्शन येते. संपूर्ण फाइल नव्याने लिहायची असेल तेव्हा ती आधी तात्पुरत्या नावाने लिहावी आणि लिखाण सुरळीत पार पडल्यावरच ‘मूव्ह’ मेथडने, ‘रिप्लेसएक्झिस्टिंग’ हा पर्याय देऊन, मूळ नावावर आणावी. मध्येच वीज गेली तरी जुनी फाइल शाबूत राहते.

ओळींची यादी लिहिण्यासाठी ‘राइट’ मेथड आहे. ती प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या संगणकाच्या पद्धतीचे ओळ-समाप्ती चिन्ह घालते: लिनक्सवर एक बाइट, विंडोजवर दोन. गुरुजींचा संगणक लिनक्सचा आणि माझा विंडोजचा, त्यामुळे एकाच प्रोग्रॅमने, एकाच यादीवरून लिहिलेल्या आमच्या दोन फाइली बाइटांच्या हिशेबात वेगळ्या होत्या. हे टाळायचे असेल तर ‘स्ट्रिंग’च्या ‘जॉइन’ मेथडने आपल्या पसंतीचे ओळ-समाप्ती चिन्ह घालून मजकूर जोडावा आणि तो ‘राइटस्ट्रिंग’ने लिहावा.

आता ताडून पाहण्याकडे वळू. इथे प्रोग्रॅम लिहिण्याआधी ‘सारखे’ या शब्दाचा आपल्याला अभिप्रेत असलेला अर्थ ठरवावा लागतो, आणि बहुतेक घोटाळे तो न ठरवल्यामुळे होतात.

सर्वांत कडक अर्थ बाइटनिहाय समानतेचा. ‘फाइल्स’च्या ‘मिसमॅच’ मेथडला दोन पत्ते दिले की फाइली तंतोतंत सारख्या असल्यास उणे १ मिळते, नाहीतर पहिला फरक ज्या बाइटवर आहे त्याचा क्रमांक मिळतो आणि ही मोजणी शून्यापासून असते. आमच्या पहिल्या दोन फाइलींची ओळ-समाप्ती एकसारखी करून घेतल्यावरही उत्तर ३६ आले. डोळ्यांना पहिल्या ओळी अगदी सारख्या दिसत होत्या. मग आम्ही कागदावर मोजले: ‘राजाराम’ या शब्दाची ७ चिन्हे म्हणजे २१ बाइट, मधल्या रिकाम्या जागेचा १, ‘बंधा’चे १२, असे ३४ बाइट झाले. म्हणजे त्यापुढचे चिन्ह ३४, ३५ आणि ३६ या क्रमांकांचे बाइट व्यापते, आणि त्यातला शेवटचा बाइट वेगळा आहे. ते चिन्ह ‘बंधाऱ्यावर’ या शब्दातले ‘ऱ्या’चे पहिले चिन्ह होते.

मराठीतील हा चंद्रकोरीसारखा र दोन प्रकारे टंकता येतो. एका पद्धतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह, युनिकोड क्रमांक ०९३१, आणि त्यापुढे हलंत व य येतात. दुसऱ्या पद्धतीत साधा ‘र’, हलंत, मग शून्य रुंदीचे जोडचिन्ह, म्हणजे युनिकोड क्रमांक २००डी, आणि नंतर य येतो. पडद्यावर आणि छापील कागदावर दोन्ही एकसारखे उमटतात, पण पहिल्यात य धरून ९ बाइट आहेत तर दुसऱ्यात १२. माझा कीबोर्ड पहिल्या पद्धतीचा होता आणि गुरुजींचा दुसऱ्या. ‘शेतकऱ्यांना’, ‘पायऱ्या’, ‘दुसऱ्या’ अशा शब्दांनी भरलेल्या कोणत्याही मराठी मजकुरात हा प्रश्न हटकून येतो, आणि इंग्रजीवर बेतलेल्या धड्यांत त्याचा उल्लेखही नसतो.

म्हणून ताडण्यापूर्वी प्रत्येक ओळ एकाच रूपात आणणारी एक लहान मेथड स्वतः लिहावी. तिने तीन कामे करावीत. काही एडिटर यूटीएफ-८ फाइलीच्या आरंभी एक अदृश्य खूण ठेवतात, तिचा क्रमांक एफईएफएफ, आणि जावा ती आपणहून काढत नाही. पहिल्या ओळीत ती असल्यास काढून टाकावी. नंतर ‘नॉर्मलायझर’ क्लासने मजकूर एनएफसी रूपात आणावा, म्हणजे ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असे वेगवेगळे टंकलेले असल्यास त्यांचे एकच ‘ऱ’ होते. जोडचिन्हाचा प्रकार मात्र नॉर्मलायझर सोडवत नाही, म्हणून र, हलंत, जोडचिन्ह या तिघांच्या साखळीच्या जागी ‘ऱ’ आणि हलंत स्वतः घालावेत. मजकुरातील सगळीच जोडचिन्हे सरसकट पुसू नयेत, कारण इतर ठिकाणी ती अर्धे अक्षर वेगळे दाखवण्यासाठी मुद्दाम दिलेली असू शकतात.

यानंतर ओळी ताडता येतात. दोन स्ट्रिंग ताडताना ‘इक्वल्स’ वापरावे. दोन बरोबर-चिन्हे दिली तर जावा मजकूर न पाहता ती एकच वस्तू आहे का एवढेच पाहते, आणि वेगवेगळ्या फाइलींतून वाचलेल्या ओळी जवळपास नेहमीच वेगळ्या वस्तू असतात. पण पहिली ओळ पहिलीशी, दुसरी दुसरीशी असे ताडत गेलो आणि गुरुजींची एक वेळची नोंद राहून गेली असेल, तर तिथून पुढची प्रत्येक ओळ एका घराने सरकते आणि प्रोग्रॅम उरलेली सगळी फाइल चुकीची ठरवतो. युनिक्सचा ‘डिफ’ हा प्रोग्रॅम १९७० च्या दशकापासून या अडचणीवर दोन्ही फाइलींतील सर्वांत लांब सामाईक ओळींचा क्रम शोधून मार्ग काढत आला आहे. आमच्या नोंदींना मात्र त्याहून सोपा उपाय पुरतो, कारण प्रत्येक ओळीला स्वतःची ओळख आहे. ‘स्प्लिट’ने ओळीचे रकाने करावेत, दिनांक आणि वेळ जोडून किल्ली बनवावी, आणि ती ‘लिंक्डहॅशमॅप’मध्ये पातळीसह ठेवावी, हा मॅप नोंदींचा मूळ क्रम जपतो. ‘पुट’ मेथडने ‘नल’ऐवजी जुनी किंमत परत दिली तर एकच वेळ दोनदा नोंदवली गेली आहे हेही तिथेच कळते.

फूट आणि इंच वेगळ्या रकान्यांत ठेवण्यामागे एक कारण आहे. ‘इंटिजर’ची ‘पार्सइंट’ मेथड देवनागरी आकडेही ओळखते, ‘डबल’ची ‘पार्सडबल’ ते ओळखत नाही. त्यामुळे गुरुजींनी देवनागरीत आणि मी इंग्रजी आकड्यांत फूट लिहिले तरी पूर्णांक म्हणून दोन्ही सारखेच वाचले जातात. दशांशाने लिहिले असते तर प्रोग्रॅम एक्सेप्शन देऊन थांबला असता. फुटांना १२ ने गुणून त्यात इंच मिळवावेत आणि इंचांतच तुलना करावी.

निकाल पडद्यावर न छापता वेगळ्या फाइलीत लिहावा, कारण विंडोजच्या कन्सोलवर देवनागरीच्या जागी पुष्कळदा प्रश्नचिन्हे दिसतात आणि चूक आपल्या प्रोग्रॅमची आहे असे वाटू लागते. आमच्या निकालाच्या फाइलीत फक्त माझ्याकडे असलेल्या नोंदी, फक्त गुरुजींकडे असलेल्या नोंदी आणि पातळी न जुळणाऱ्या नोंदी असे भाग असतात. त्यांच्याही आधी, सर्वांत वर, मी एक वेगळा भाग ठेवला आहे. ३९ फूट म्हणजे ४६८ इंच आणि ४३ फूट म्हणजे ५१६ इंच. एका फाइलीत ३८ फूट ११ इंच, म्हणजे ४६७, आणि दुसरीत ३९ फूट १ इंच, म्हणजे ४६९ असेल, तर फरक दोनच इंचांचा असला तरी एका नोंदीने इशारा पातळी ओलांडली आहे आणि दुसरीने नाही. अशा जोड्या प्रोग्रॅम प्रथम लिहितो, आणि त्या दिवशी आम्ही जाहीर झालेला आकडा पुन्हा उघडून पाहतो.