झालेलं विलीनीकरण मोडायला कोर्टाकडून विक्रीचा आदेश कसा मागावा

अमेरिकेत सरकारने विलीनीकरणाला हरकत घेतली नाही, तरी वाट बंद होत नाही. क्लेटन कायद्याच्या (अमेरिकेतला मक्तेदारीविरोधी कायदा) कलम १६ खाली खासगी कंपनीही कारखाना विकायला लावण्याची मागणी करू शकते. सुप्रीम कोर्टाने १९९० साली हे स्पष्ट केलं. खासगी दाव्यात असा आदेश अपिलात टिकला तो 'स्टीव्हज विरुद्ध जेल्ड-वेन' खटल्यात, २०२१ मध्ये.

आधी तारीख पाहा. व्यवहार झाल्यापासून चार वर्षांच्या आत दावा लावा. जेल्ड-वेनने सीएमआय ही प्रतिस्पर्धी कंपनी २०१२ च्या ऑक्टोबरात घेतली, स्टीव्हजचा दावा २०१६ च्या जूनमध्ये आला, म्हणून विलंबाचा बचाव चालला नाही.

पुढे चार मुद्दे सिद्ध करावे लागतात: भरून न येणारं नुकसान, पैशांची भरपाई अपुरी असणं, कोणाला जास्त झळ बसेल याचा तोल, आणि जनहित. वकील अडतात ते दुसऱ्यावर, कारण ज्युरीने भरपाई दिलेली असते. तिथे भविष्यातल्या पुरवठ्यावर बोट ठेवा. स्टीव्हज दारं बनवते. दारांच्या दोन्ही बाजूंना लागणाऱ्या डोअरस्किनचे (दर्शनी पत्र्यांचे) मोठे उत्पादक या विलीनीकरणाने तीनाचे दोन झाले, आणि ते दोघेही दारांच्या धंद्यात तिचे स्पर्धक. माल मिळालाच नाही, तर भरपाईच्या पैशातून दार बनत नाही.

खरी मेहनत मागणीच्या मसुद्यात आहे. 'टोवांडाचा कारखाना विका' (सीएमआयकडून जेल्ड-वेनकडे आलेला डोअरस्किनचा कारखाना) एवढ्यावर थांबू नका. यंत्रं, साचे, ग्राहकांचे करार, जाणते कामगार, परवाने, कच्चा माल, सगळं नावानिशी लिहा. भारतात २०१५ मध्ये स्पर्धा आयोगाने विलीनीकरणाची अट म्हणून लाफार्जला जोजोबेरा आणि सोनाडीहचे सिमेंट कारखाने विकायला सांगितले. बिर्ला कॉर्पशी सौदाही ठरला, पण खाणपट्टे हस्तांतरित होईनात म्हणून तो फसला.

खरेदीदाराची कुवत तर तपासाच. सेफवे-अल्बर्टसन्स या अमेरिकी किराणा साखळ्यांच्या विलीनीकरणात, कोर्टाच्या नव्हे पण नियामकाच्या अटीनुसार, १४६ दुकानं अवघ्या १८ दुकानांच्या हॅगनला दिली गेली. २०१५ च्या सप्टेंबरात हॅगन दिवाळखोरीत गेली आणि स्पर्धा टिकवण्याचा हेतूच बारगळला.

विक्रीवर देखरेखीला कोर्टाचा स्पेशल मास्टर (कोर्टाने नेमलेला देखरेख अधिकारी) मागा, आणि विक्री होईपर्यंत ठरल्या दराने माल मिळत राहील असा अंतरिम आदेशही मागा. अपिलाच्या निकालानंतर टोवांडाची विक्री पूर्ण व्हायला २०२५ चा जानेवारी उजाडला.