घडीच्या चाकूची स्प्रिंग बसवायला घरगुती जुगाड

चाकू उघडला की पाठीची स्प्रिंग मुठीच्या वर डोकवायची, मिटला की सपाट. नुसत्या नजरेने घासत बसलं तर काम बिघडतं, म्हणून आधी मोजायचं साधन केलं.

रिव्हेट काढून चाकू सुटा केला. भंगारातल्या जाड लोखंडी पट्टीवर मुठीची पितळी पट्टी घट्ट आवळली आणि तिच्याच भोकांतून तीन भोकं पाडली. पिना म्हणून तुटक्या ड्रिलचे दांडे. ते मापात एकसारखे असतात, खिळे नसतात. पातं आणि स्प्रिंग पिनांवर चढवली. चुंबकी स्टँडवरच्या डायल गेजचं (मिमीचे बारीक अंश काट्याने दाखवणारं मापयंत्र) टोक स्प्रिंगच्या पाठीवर, पात्याच्या पिनेच्या वर टेकवलं. खर्च झाला तो एवढ्या गेजचाच. नवा महागडा नको, जुन्या बाजारातला चालतो.

मिटलेल्या स्थितीत काटा शून्यावर. उघडल्यावर ०.१८ मिमी वर, अर्ध्यावर ०.०४. म्हणजे पात्याच्या बुडाची, उघडल्यावर स्प्रिंग टेकते ती बाजूच उंच. पाणी दिलेल्या पोलादावर साधी कानस घसरते; डायमंड फाइलने हलके हात मारले, दर वेळी मोजून. बुडाच्या कोपऱ्याला मात्र हात लावायचा नाही, तो गोल झाला की खटका मऊ पडतो.

फरक ०.०३ वर आला, मग रिव्हेट ठोकले.