ऱ्होड्स बेटावर लिंडोस: आधी गड, मग समुद्र

ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर गेलात तर लिंडोसचा दिवस सकाळी लवकर सुरू करा. ऱ्होड्स शहरापासून गाव साधारण 50 किलोमीटरवर आहे, बस मिळते. उन्हाळ्यात वरच्या गडावर सावली जवळजवळ नाहीच, आणि दहानंतर टूरवाल्यांची झुंबड उडते. पायऱ्यांचा दगड पावलांनी गुळगुळीत झालाय, त्यामुळे चपला नकोत, पकड असलेले बूटच घाला. खाली गाढवं उभी असतात. उन्हात त्या बिचाऱ्यांवर बसण्यापेक्षा चालत जाणं बरं.

मुख्य जिना चढण्याआधी डावीकडच्या कातळाकडे बघा. तिथे प्राचीन जहाजाचा मागचा भाग कोरलाय, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. लोक धापा टाकत सरळ पुढे जातात. वर अथीना देवीचं मंदिर, भोवती सेंट जॉनच्या सरदारांची, म्हणजे मध्ययुगात इथे राज्य केलेल्या ख्रिस्ती लढवय्या पंथाची, तटबंदी.

उतरल्यावर पोहायला सेंट पॉलची खाडी गाठा. पाणी शांत, पण जागा अगदी थोडी. मुलं बरोबर असतील तर परतीच्या वाटेवरचा त्साम्बिका किनारा बरा, तिथे मऊ वाळू आहे. ऱ्होड्स शहराजवळच्या एली किनाऱ्यावर मात्र गोटेच गोटे, पाण्यात घालायचे बूट लागतील.